एका वर्षाच्या अध्यक्षा

जुलै लागला की महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत हॉटेलांचे हॉल बुक होऊ लागतात. लग्नसराई ओसरलेली असते. ही गर्दी इनरव्हील या स्त्रियांच्या सेवाभावी क्लबांच्या पदग्रहणाची. मावळत्या अध्यक्षा गळ्यातली कॉलर उतरवून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात. टाळ्या, फोटो, पुष्पगुच्छ. सेक्रेटरी, ट्रेझरर, आयएसओ (इंटरनॅशनल सर्व्हिस ऑर्गनायझर), एडिटर अशी सगळी टीम त्याच संध्याकाळी बदलते. कालपर्यंत जिच्या होकाराशिवाय क्लबचं पान हलत नव्हतं, ती आता ‘आयपीपी’, म्हणजे नुकतीच पायउतार झालेली अध्यक्षा. आणखी वर्षभराने नुसती ‘पीपी’, म्हणजे माजी अध्यक्षांच्या रांगेतली एक.

इनरव्हीलचा इतिहास मँचेस्टरचा. रोटरी तेव्हा फक्त पुरुषांची. पहिल्या महायुद्धाच्या काळात रोटेरियनांच्या बायका मदतकार्यात राबल्या आणि युद्ध संपल्यावर घरी बसायला राजी झाल्या नाहीत. मार्गारेट गोल्डिंग या नर्सबाईंनी, ज्या पुढे स्वतःचा व्यवसायही चालवत, त्यांना एकत्र आणलं. १० जानेवारी १९२४ ही क्लबची जन्मतारीख. रोटरीच्या दातेरी चाकाच्या आत आणखी एक छोटं चाक, हे त्यांचं बोधचिन्ह. १९६७ साली आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि आज सर्वाधिक सदस्या भारतात आहेत.

उद्दिष्टांत पहिला मान मैत्रीला, सेवा त्यानंतर. टीकाकार यावर हसतात: हळदीकुंकू, तंबोला आणि मधूनच शिलाई मशीनवाटप! हसण्यासारखं काही असतंही. दहा वह्या वाटताना फ्रेममध्ये पंधरा साड्या दिसतात. पण या चाकाची खरी मेख वेगळीच आहे. इथे कामाला फक्त बारा महिने मिळतात.

लसीचं उदाहरण घ्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली आणि अनेक क्लबांनी शाळकरी मुलींसाठी शिबिरं घेतली. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना या लसीचे दोन डोस, मध्ये सहा महिने. आता पहिला डोस फेब्रुवारीत दिला, तर दुसरा येतो ऑगस्टमध्ये. तोवर अध्यक्षा नव्या, ट्रेझरर नव्या, आणि ‘या वर्षी आपण काहीतरी वेगळं करू’ हा उत्साहही नवा. मुलींची यादी कुणाच्या वहीत? डोसचे पैसे कुठल्या वर्षाच्या खात्यातून? डीसी, म्हणजे डिस्ट्रिक्ट चेअरमन, यांच्या भेटीच्या अहवालात या कामाचं श्रेय कुणाचं?

हिमोग्लोबिन तपासणीचंही तेच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बोटाला सुई टोचून आकडा सांगायला पाच मिनिटं लागतात. लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या का, हे विचारत राहायला महिनोन्महिने. त्याचा बॅनर होत नाही.

अशा वेळी मैत्रीच कामी येते. दुसऱ्या डोसची आठवण नियमावली करून देत नाही, आयपीपी नव्या अध्यक्षांना फोन करते, “अगं, त्या मुलींचं ऑगस्टमध्ये आहे हं.” दोघींचं पटत असेल तर यादी पोचते. निवडणुकीत बिनसलं असेल, तर वही कपाटातच राहते. इतकं नाजूक काम इतक्या पातळ धाग्यावर सोपवावं का, हा प्रश्न पडतोच. कायमस्वरूपी प्रकल्प ठरवून काही क्लबांनी तो थोडाफार सोडवला आहे.

त्याहून अवघड प्रश्न आहे सदस्यांचा. १९८९ पासून रोटरीची दारं जगभर स्त्रियांना उघडी झाली. डॉक्टर, सीए, वकीलबाई आता नवऱ्याच्या आधाराविना थेट रोटरीत जाते. इनरव्हीलनेही रोटेरियनशी नात्याची अट सैल केली. क्लबच्या बहुमताने आमंत्रण मिळालेल्या इतर स्त्रियांनाही आता येता येतं. मात्र सभा दुपारी चारला असेल, तर बँकेतल्या बाईने यायचं कसं? आणि ती संध्याकाळी साडेसातला ढकलली, तर घरी कुकर कोण लावणार? हा विषय अजेंड्यावर कधी छापलेला नसतो, सभेची वेळ बदलण्याचा ठराव मात्र तिथेच अडतो.