टँकरच्या स्टेअरिंगवर पहिलं वर्ष: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

पूर्णेवरचं येलदरी धरण जिंतूर तालुक्यातच आहे. तरीही पावसानं दगा दिला की डोंगराकडच्या वाड्या-तांड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तहसीलला टंचाईचे प्रस्ताव येऊ लागले की टँकरमालकांना ड्रायव्हर हवे असतात. तेव्हा ट्रॅक्टर किंवा पिकअप चालवून हात बसलेली वीस-बावीस वर्षांची पोरं पुढं येतात. कुणी पाण्याच्या टँकरवर चढतो, कुणी दुधाच्या, कुणी ओळखीनं पेट्रोल-डिझेलच्या. काम चांगलं आहे आणि गरजेचं आहे, म्हणूनच त्याबद्दल चहाच्या टपरीवर जे बिनदिक्कत सांगितलं जातं ते एकदा नीट तपासलं पाहिजे. पहिल्या वर्षी पोरं बहुधा अवघड वळणावर फसत नाहीत. ज्याला सगळे ‘त्यात काय होतंय’ म्हणतात, तिथं फसतात.

“ट्रॅक्टर चालवतो, त्याला टँकर काय अवघड?”

ट्रॉलीतला ऊस किंवा ट्रकमधली पोती बांधली की जागची हलत नाहीत. टाकीतलं पाणी हलतं. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आतलं पाणी पुढं धावतं आणि टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळून थांबलेल्या गाडीला फूटभर ढकलतं. हे टाळायला टाकीत भोकं असलेले आडवे पत्रे बसवलेले असतात. त्यांनी पुढं-मागं होणारी लाट मोडते, डावी-उजवीकडची मोडत नाही. वळणावर टँकर उलटतो तो या दुसऱ्या लाटेनं. दुधाची टाकी आतून नीट धुता यावी म्हणून पुष्कळदा तिच्यात असे पत्रे नसतातच, आणि तिथं दोन्ही लाटा सांभाळाव्या लागतात.

यातली खरी मेख अर्ध्या टाकीत आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. कमरेवरची अर्धी घागर जशी डचमळते तशी अर्धी टाकी डचमळते. एका खेपेत दोन वस्त्या असल्या की हे हमखास घडतं. पहिल्या वस्तीवर निम्मं पाणी सोडायचं, झाकण लावायचं आणि उरलेलं घेऊन चढाच्या कच्च्या रस्त्यानं पुढच्या तांड्यावर जायचं. ‘आता ओझं निम्मं झालं’ म्हणून नवा ड्रायव्हर इथंच एक गिअर वाढवतो. करायला हवं उलट. वळणाच्या आधीच वेग मारायचा, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही आणि स्टेअरिंग झटक्यानं ओढायचं नाही.

लायसन्सबद्दलही गोंधळ आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. त्यावरून ‘आता साध्या लायसन्सवर टँकर चालतो’ अशी समजूत पसरली. हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 12,000 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 12 टन भरतं, गाडीचं वजन वेगळं. पिकअपवरची छोटी टाकी त्या मर्यादेत बसेल, सहा टायरचा मोठा टँकर बसणार नाही. त्याला ट्रान्सपोर्टचंच लायसन्स लागतं. त्यासाठी वय 20 पूर्ण हवं, आणि शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर हातात असलं पाहिजे. मालक म्हणेल, “बघून घेऊ.” अपघात झाला आणि लायसन्स चुकीचं निघालं, तर विमा कंपनी हात वर करायला बघते आणि मग बघून घ्यायला कुणी येत नाही.

“भरलेला टँकर धोक्याचा, रिकामा म्हणजे निवांत”

सगळ्यांत जास्त जीव घेणारा गैरसमज हाच आहे. पेट्रोल जळतं ते द्रवरूपात नव्हे, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली असेल तेव्हा. भरलेल्या कप्प्यात हवेला जागाच थोडी असते. पंपावर माल उतरवून निघालेल्या टाकीत मात्र तळाला चार-दोन लिटर उरतं, त्याची वाफ होते आणि वर मोकळी हवा असते. भडका उडायला नेमकं हेच लागतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळं ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत दूरवर जाते. रिकाम्या टँकरवर वेल्डिंग करायला बसलेला माणूस म्हणूनच मरतो. टाकी नीट धुऊन, वाफ काढून, गॅस तपासल्याशिवाय तिच्याजवळ ठिणगी न्यायची नाही, मग गॅरेजवाला कितीही जुना आणि ओळखीचा असो.

दुसरी गोष्ट टाकीत उतरण्याची. ‘पाण्याचाच तर टँकर, आत जाऊन घासून घे’ असं क्लीनरला सर्रास सांगितलं जातं. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. आतून रंग दिला असेल तर त्याची वाफ कोंडलेली असते. साखर कारखान्याची मळी वाहिलेली टाकी असेल तर मळी आंबून कार्बन डायऑक्साइड तळाला साचलेला असतो. यांतलं काहीही डोळ्यांना दिसत नाही, आणि ऑक्सिजन कमी झाल्याचा तर वासही येत नाही. उतरलेला माणूस शिडीवरच कोसळतो, त्याला ओढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. टाकी बाहेरूनच पाण्याच्या जोरानं धुवावी. आत माणूस घालणं भागच असेल तर झाकणं उघडून पंख्यानं हवा खेळवलेली, आतली हवा यंत्रानं तपासलेली, माणसाच्या कमरेला दोर आणि दोर धरणारा बाहेर उभा, एवढं सगळं हवं. हे होत नसेल तर नोकरी गेली तरी चालेल, टाकीत उतरू नये.

“पाण्याच्या टँकरला कागदपत्रं कसली?”

टंचाईतला टँकर सरकारी हिशोबावर चालतो. माणशी दिवसाला 20 लिटर धरून गावाच्या खेपा ठरतात, गाडीला जीपीएस असतं आणि लॉगबुकात खेपांची नोंद होते. जीपीएसवर खेप दिसली नाही तर तिच्या बिलाला कात्री लागते आणि मालक ती ड्रायव्हरच्या पगारातून वसूल करायला बघतो. म्हणून भरल्याची वेळ, सोडल्याची वेळ आणि गावातल्या माणसाची सही त्याच जागी घ्यावी. संध्याकाळी एकदम सगळ्या सह्या गोळा करायची सवय लागली की वर्षभरात कुठं ना कुठं ती अंगाशी येते.

खेपा किती होतील हेही ड्रायव्हरच्या हातात कमीच असतं. अधिग्रहित विहिरीवर भरायचं असेल तर मोटार लाईट आल्यावर चालणार, आणि शेतीची लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. तासन्‌तास रांगेत बसून कधी रात्री दोनला टाकी भरते. पहिल्या उन्हाळ्यात दमवतं ते हे थांबणं.

आणि मग गाव. टँकर विहिरीकडं वळताना दिसला की हंडे-घागरी घेऊन बाया धावतात, पोरं मागच्या शिडीला लटकतात. ड्रायव्हरला आरशात त्यातलं निम्मंही दिसत नाही. क्लीनर खाली उतरून मागं उभा राहिल्याशिवाय आणि त्यानं हात दाखवल्याशिवाय गाडी एक इंचही रिव्हर्स घ्यायची नाही. जुन्या विहिरीचा काठ सतत पाणी सांडून पोकळ झालेला असतो. मागचं चाक काठापासून चांगलं लांब ठेवून पाईप वाढवावा. लोक ओरडतील की जवळ घ्या, तरी घेऊ नये.

“माल कमी भरला म्हणजे ड्रायव्हरनं काढला”

मराठवाड्यातल्या बऱ्याच पंपांना मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून इंधन येतं. तिथून जिंतूर अडीचशेहून जास्त किलोमीटर. नवा ड्रायव्हर दुपारच्या उन्हात 12,000 लिटर पेट्रोल भरून निघतो, पहाटेच्या गारव्यात पोचतो, मापाची पट्टी टाकीत घालतो आणि पातळी खाली दिसते. पंपावरचा माणूस संशयानं बघतो. खरं असं की पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग आक्रसतं. तापमान पाच अंश उतरलं की 12,000 लिटरमागं साठेक लिटरची घट नुसत्या गारव्यानं होते. म्हणूनच पंपावर घनता मोजून ती 15 अंश तापमानाला किती भरते ते काढतात आणि चलनावरच्या आकड्याशी ताडून बघतात. भरताना आणि उतरवताना दोन्हीकडचं तापमान व घनता चलनावर लिहून घेणं हेच ड्रायव्हरचं संरक्षण. सील तुटलेलं नाही हेही समोरच्याला आधी दाखवावं, मगच कॉकला हात लावावा.

आता याची दुसरी बाजू. वाटेत ढाब्यावर कुणीतरी सांगतंच, “वीस लिटरनं कुणाचं काय जातंय, सगळेच काढतात.” या धंद्याचं खरं रूप महाराष्ट्रानं 25 जानेवारी 2011 ला पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ टँकरमधल्या तेलाची चोरी पाहून थांबले आणि तिथंच त्यांना जिवंत जाळण्यात आलं. पहिल्या कॅनला ‘हो’ म्हणणारा पोरगा अशाच तेलचोर टोळ्यांच्या हाती सापडतो. नंतर त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही.

“अपघात झाला की आधी पळायचं”

जानेवारी 2024 च्या पहिल्याच दिवसांत पानेवाडीचे टँकर जागेवर उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. कारण होतं भारतीय न्याय संहितेचं कलम 106(2). अपघातात माणूस दगावला आणि ड्रायव्हर कुणालाही न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. कलम 106(1) मात्र लागू झालं. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद, जुन्या कायद्यात ती दोन वर्षांपर्यंत होती.

जमाव मारेल ही भीती खोटी नाही. ती कायद्यानंही मान्य केली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 म्हणतं की जखमीला उपचार मिळवून द्यावेत, पण जमावाच्या संतापामुळं ते शक्य नसेल तर त्यातून सूट आहे. पोलिसांना मात्र 24 तासांच्या आत कळवलंच पाहिजे. म्हणजे जीव वाचवायला जागा सोडली तरी सरळ जवळच्या ठाण्यात जायचं, किंवा 112 ला फोन करायचा. घरी जाऊन लपणं आणि ठाण्यात हजर होणं यांत कोर्टात जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

तेलाचा टँकर उलटला तर आणखी एक काम असतं, लोकांना लांब ठेवायचं. पाकिस्तानात बहावलपूरजवळ 25 जून 2017 ला उलटलेल्या टँकरमधलं तेल गोळा करायला गर्दी जमली, भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. बादल्या घेऊन लोक आपल्याकडंही धावतात. इंजिन बंद करावं, बॅटरी तोडावी आणि घसा बसेस्तोवर ओरडावं.

“रात्र मारली तरच पैसे सुटतात”

दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा मोटार कामगारांसाठी 1961 पासून कायद्यात आहे. रस्त्यावर ती क्वचितच पाळली जाते, आणि ही शरमेची गोष्ट आहे. पगार, खेपेचा भत्ता, घटीची वसुली आणि उचल कशी फिटणार हे चावी हातात घेण्याआधी कागदावर घ्यावं. मोठी उचल घेतलेल्या ड्रायव्हरला झोप येते म्हणून गाडी बाजूला लावायचीही हिंमत होत नाही, आणि पहाटेची डुलकी भरल्या टँकरवर माफ होत नाही.

“एकदा टँकरवर लागलो की बारमाही काम”

टंचाईचा आराखडा जूनपर्यंतचा. पाऊस पडला की पाण्याचे टँकर उभे राहतात आणि पोरं घरी येतात. ज्याला पेट्रोल-डिझेलकडं जायचं आहे त्यानं हेच महिने वापरावेत. धोकादायक माल वाहायला ट्रान्सपोर्टच्या लायसन्सशिवाय तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. असं लायसन्स तीन वर्षं चालतं, मग उजळणी करून नूतनीकरण. साध्या ट्रान्सपोर्ट लायसन्सची आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, पण धोकादायक मालासाठी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येण्याची अट कायम आहे. टँकरच्या मागच्या पाटीवर 1203 लिहिलं असेल तर आत पेट्रोल, 1202 असेल तर डिझेल. आग लागल्यावर अग्निशमनवाले आधी तो आकडा बघतात. लायसन्सचं काम परभणीच्या आरटीओ कार्यालयात होतं. एजंटाकडून नुसता कागद आणू नये, तीन दिवस वर्गात बसावं आणि आग विझवायचं नळकांडं एकदा तरी स्वतःच्या हातानं चालवून बघावं.