खांब जुने, गर्डर नवा

मार्गावर अधिक वजनाची इंजिने धावू लागली म्हणजे जुन्या पुलाचा केवळ गर्डर बदलून भागेल की सगळा पूलच नव्याने बांधावा लागेल, याचा निकाल गर्डरकडे पाहून लागत नाही, त्याखालच्या खांबांची धारणशक्ती तपासून लागतो, हे शतकाहून अधिक काळ पुलांचे पोलादी गर्डर घडविणाऱ्या मनमाडच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांस नव्याने शिकविण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्याच गावातल्या एखाद्या छायाचित्रकाराचा दहा-बारा वर्षांचा संगणक लग्नाचा आल्बम जुळविताना अडखळू लागला, की ‘एक ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या’ हा सल्ला त्यास सर्रास मिळतो. खांबांची चौकशी कोणी करीत नाही.

कार्डाचे सामर्थ्य खरे आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवावयाचा, तर हिशेब सेकंदास बारा कोटी ठिपक्यांवर जातो. मुख्य प्रोसेसरचे गणक बुद्धीने तल्लख खरे, पण संख्येने मोजके. उलट २०१६ साली आलेल्या जीटीएक्स १०५० टीआय या साधारण प्रतीच्या कार्डातही ७६८ लहान गणक एकाच प्रकारचे काम एकाच वेळी उरकीत असतात.

तथापि १९६७ साली जीन ॲमडाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने समांतर गणनेच्या मर्यादेविषयी जो विचार मांडला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. दहा मिनिटांच्या कामात चित्रणाचा वाटा दोन मिनिटांचा असेल, तर जगातले सर्वांत वेगवान कार्ड आणूनही आठ मिनिटे लागणारच. आल्बमच्या कामात ही आठ मिनिटे बहुधा फिरत्या हार्डडिस्कवरून छायाचित्रे उचलण्यात आणि अपुऱ्या रॅममध्ये ती कोंबण्यात जातात. म्हणून काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे: डिस्क शंभर टक्क्यांवर अडली असेल आणि ग्राफिक्सचा आकडा दहा-पंधरावर रेंगाळत असेल, तर एसएसडी घ्यावी, कार्डाचा विचार तूर्त सोडावा. त्याहीपूर्वी कॅबिनेट उघडून धूळ झाडावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्यात धूळ साचून तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच कमी करतो, आणि दोष मात्र यंत्राच्या वयावर जातो.

खेळ, त्रिमितीय आरेखन किंवा चलच्चित्रांचे संपादन हाच उद्देश असेल, तर कार्ड घेणे रास्त. मात्र खांब तपासून. मदरबोर्डावरील पीसीआय एक्सप्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक वीज हवी तर एसएमपीएसमधून वेगळी तार यावी लागते. कचेऱ्यांतून निकालात निघालेल्या, स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रांत पुष्कळदा ती तारही नसते आणि कॅबिनेट इतके अरुंद असते की अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते. अशांना ३० वॅटचे जीटी १०३० किंवा ७५ वॅटच्या आतले दुसरे एखादे कार्ड, एवढीच मुभा उरते. शिवाय प्रोसेसरच मागे पडत असेल, तर बलवान कार्ड बराच वेळ त्याची वाट पाहत बसते.

दुसरा खांब सॉफ्टवेअरचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व इंटेलचा सामान्यतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; ही उणीव कोणतेही कार्ड भरून काढीत नाही. लिनक्सची वाट मोकळी आहे, पण आल्बमचे नेहमीचे सॉफ्टवेअर तेथे चालेलच असे नाही.

म्हणून जुने यंत्र सरसकट मोडीत काढावे, असेही नव्हे. एक संगणक व त्याचा पडदा तयार करण्यास सुमारे २४० किलो खनिज इंधन आणि दीड हजार किलो पाणी खर्ची पडते, असा हिशेब संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्ध केला होता. आकडा त्या काळच्या यंत्रांचा आहे. पण वागदर्डी धरणाच्या साठ्याकडे डोळे लावून वर्षानुवर्षे नळाच्या पाळीची वाट पाहिलेल्या मनमाडसारख्या गावात तो सहज विसरण्याजोगा नाही.

माझे मत विचाराल, तर निर्णय लांबणीवर टाकावयाचा असेल तेव्हा पैसे अशा वस्तूंत घालावेत ज्या उद्या नव्या यंत्रात नेता येतील: एसएसडी नेता येते, कार्डही बहुधा नेता येते, डीडीआर-३ रॅम मात्र नव्या मदरबोर्डावर बसत नाही. जुने कार्ड घेताना ते विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांच्या आधारे होणारे उत्खनन बंद केल्यावर अहोरात्र राबलेली कितीतरी कार्डे जुन्या बाजारात आली, आणि ती पुसूनपासून ठेवली म्हणजे नव्यासारखीच दिसतात.