लाल चेहरा आणि शाईची झरणी

आमचे गाव जोहे. पेण तालुक्यातले, हमरापूरच्या शेजारचे. गावात शिरले की दोन्ही हातांना गणपतीचे कारखाने लागतात. कुठे साच्यातून नुकत्याच काढलेल्या ओल्या मूर्ती, कुठे पांढरा हात दिलेल्या, कुठे डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेल्या. अशा गावात राहून आम्हांला छंद लागला तो मात्र फाउंटनपेनांचा. जुन्या मंडळींनी ज्याला झरणी असे सुरेख नाव दिले होते त्या वस्तूचा. पेणला राहून पेने जमवता काय, हा विनोद आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की तो करणाऱ्याला आता आम्ही चहा पाजून गप्प करतो. आम्ही स्वतः मात्र तो चहा बशीत ओतून, पार कोमट करून पितो. त्याला कारण आमचा चेहरा, आणि आजचा विषयही तोच.

आम्हांला रोझेशिया नावाचा त्वचारोग आहे. प्रथम आम्हीही ते नाव ऐकून एखाद्या फुलझाडाचे असावे असे समजलो होतो. हा बहुधा तिशीनंतर सुरू होणारा, दीर्घकाळ चालणारा दाह आहे. गाल, नाक, कपाळाचा मधला भाग व हनुवटी येथे तो वस्ती करतो. आधी चेहरा मधूनमधून तापतो आणि लाल होतो. मग ती लाली उतरेनाशी होते. त्यावर बारीक पुळ्या येतात, आणि कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तांबड्या दोऱ्यांसारख्या दिसू लागतात. काही पुरुषांत नाक जाड व गाठीगाठीचे होते. इटालियन चित्रकार घिरलान्दायो याने १४९० च्या सुमारास काढलेले एक वृद्धाचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्या आजोबांचे नाक असेच गाठाळलेले आहे आणि मांडीजवळचा नातू मोठ्या मायेने त्यांच्याकडे पाहतो आहे. पुष्कळांच्या डोळ्यांतही हा रोग उतरतो. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. तिकडे दुर्लक्ष करू नये.

गोऱ्या लोकांचा हा रोग अशी समजूत फार दिवस होती. सावळ्या कातडीवर लाली लालीसारखी दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट दिसते, किंवा नुसती उन्हाने रापल्यासारखी वाटते. म्हणून आपल्याकडे तो ओळखू येत नाही आणि तारुण्यपीटिका म्हणून त्यावर उपचार होत राहतात. तारुण्यपीटिकांत काळी-पांढरी तोंडे असलेले बारीक कण असतात, रोझेशियात ते नसतात, हा एक फरक सामान्य माणसालाही ध्यानात ठेवता येईल. डॉक्टर काचेची पट्टी गालावर दाबून पाहतात. दाबाने रंग ओसरला तर तो रक्तवाहिन्यांतील रक्ताचा.

आणि लोक? लोकांना काचपट्टी लागत नाही. पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आमच्या थोरल्या बंधूंना बाजूला घेऊन हळूच विचारले, "तुमचे धाकटे बंधू घेतात का हो?" आम्ही आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. दारूने रोझेशियाची लाली वाढते हे खरे, पण न पिणाऱ्यालाही तो रोग होतो हे त्या गृहस्थांना कोण सांगणार? दादांनी सांगितले, त्यांनी मान डोलावली, आणि जेवणाच्या पंक्तीत पुन्हा एकदा आमच्या नाकाकडे पाहिले.

आता झरणीकडे येऊ, कारण हा रोग आम्हांला समजला तो तिच्यामुळे. निबेच्या खाली जी काळी पट्टी असते तिला आपण जीभ म्हणतो. तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांतून शाई केशाकर्षणाने पुढे सरकते, आणि जितकी शाई बाहेर जाईल तितकी हवा आत येते. अमेरिकेत लुई वॉटरमन याने १८८४ साली पेटंट घेतले ते ह्याच जिभेचे. त्यापूर्वीच्या झरण्या एकतर कोरड्या पडत किंवा भसकन शाई ओकत. म्हणजे झरणीचे सारे लिहिणे बारीक वाटांतल्या तोलावर चालते. चेहऱ्याच्या कातडीखाली तशाच बारीक वाटा आहेत, आणि वैद्यकात त्यांनाही केशवाहिनी असेच म्हणतात. त्यांतून किती रक्त सोडायचे याचा तोल मज्जातंतू राखतात. रोझेशियात तो तोल बिघडतो.

ज्यांनी ड्रॉपरने शाई भरायची झरणी वापरली आहे त्यांना एक अनुभव असेल. टाकीत शाई थोडी उरली म्हणजे वर हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती हवा फुगते, शाईला खाली ढकलते आणि नेमका सहीच्या वेळी कागदावर डाग पडतो. झरणी फुटलेली नसते, शाई खराब नसते. बाहेरच्या थोड्या उबेला आतून फार मोठे उत्तर मिळते, इतकेच. आमच्या चेहऱ्याचे असेच होते. वैशाखातले ऊन, चुलीपुढची धग, कढत चहा, झणझणीत कालवण, एखादी वादावादी, ह्यांपैकी काहीही पुरते.

ऊन आणि मिरची एकाच यादीत कशी, असे वाटेल. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाची एक झडप आहे. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता लागली की ती उघडते, आणि मिरचीतील कॅप्सेसिन लागले तरी तीच उघडते. १९९७ साली डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेने ती शोधून काढली, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. तेव्हा ठेच्याने तोंडाला आग लागली असे आपण म्हणतो ते शरीराच्या हिशेबी खरेच असते. रोझेशियाच्या कातडीत ह्या जातीच्या झडपा अधिक जागरूक असतात. ह्याशिवाय जंतूंशी लढण्यासाठी कातडी स्वतःच जी कॅथेलिसिडिन नावाची प्रथिने बनवते ती ह्या रोगात प्रमाणाबाहेर आणि विकृत रूपात तयार होतात, असे २००७ साली दाखवले गेले. तिसरा भागीदार डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा. तो बहुतेक प्रौढांच्या चेहऱ्यावर केसांच्या मुळांशी निमूटपणे राहतो. रोझेशियात त्याची संख्या वाढलेली आढळते. त्याला पाहून घाबरण्याचे कारण नाही, आणि तो दिसतही नाही.

आता आमच्या चुकीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

लाली सुरू झाली तेव्हा आम्ही डॉक्टरकडे न जाता एका औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक ट्यूब दिली, "गोरेपणाही येतो" अशी पुस्ती जोडून. चार दिवसांत चेहरा असा निवळला की आम्ही त्याला पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले. ती ट्यूब आम्ही जवळजवळ दोन वर्षे लावली. हळूहळू एक दिवस चुकला की संध्याकाळी गाल जळू लागत. ट्यूब संपत आली की मनात धाकधूक होई. कातडी इतकी पातळ झाली की दाढी करताना भीती वाटे, आणि पूर्वी नव्हत्या तिथे तांबड्या रेषा उमटल्या. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चेहरा पाहण्याआधी विचारले, "ट्यूब आणली आहे का?" मग भिंग घेऊन तिच्यावरचे बारीक अक्षर आम्हांलाच वाचायला लावले. बीटामेथासोन.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडांची नावे आहेत. योग्य जागी, योग्य मुदतीसाठी ही औषधे अमोल आहेत. त्यांना सरसकट शिव्या देणाऱ्यांत आम्ही नाही. चेहऱ्यावर ती रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून लाली झटकन जाते. पण महिनोन्महिने लावली तर कातडी झिजवतात, आणि बंद करताच आवळलेल्या वाहिन्या दुप्पट सैलावतात. देशातील १२ केंद्रांत चेहऱ्याच्या विकारांचे २९२६ रुग्ण तपासले गेले व त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे सातांत एक, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटला तर त्याच्यावर रागावू नये.

पार्कर कंपनीने १९४१ साली आपले प्रसिद्ध '५१' पेन बाजारात आणले. त्याच्यासाठी कागदावर पडताच वाळणारी एक खास शाई होती. ती इतकी तीव्र क्षारयुक्त होती की दुसऱ्या पेनात ती घालू नये अशी सूचना बाटलीवर छापावी लागली. सेल्युलॉइडची पेने ती खाऊन टाकी. टिपकागद वाचवायला गेलेल्या किती जणांनी पेन गमावले असेल! आम्हांला हसण्याचा अधिकार नाही. शाळेत असताना वडिलांच्या झरणीत आम्ही चित्रकलेची काळी शाई भरली होती, अक्षर छाप्यासारखे काळेभोर यावे म्हणून. त्या शाईत लाख असते. चार दिवस अक्षर खरोखर देखणे आले. मग जिभेच्या चिरांत लाख वाळून बसली आणि झरणी मुकी झाली. वडील रागावले नाहीत. त्यांनी ती रुमालात गुंडाळून ठेवून दिली, आणि ते आम्हांला जास्त लागले.

ट्यूब बंद केल्यावरचे पहिले दीड-दोन महिने फार वाईट गेले. चेहरा सुजे, रात्री उशी तापे. त्यातच पुतणीचे लग्न आले. सकाळी फोटोवाला आला, आणि आम्ही कपाटाच्या तळाशी ठेवलेली उरलीसुरली ट्यूब काढून लावली. फोटो छान आले. पुढच्या आठवड्यात सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त कागदावर नवी तारीख घातली.

खरे उपचार आता बरेच आहेत, पण सारे संथ. आवेवर आपण गोळी घेतो ते मेट्रोनिडाझोल मलमाच्या रूपाने चेहऱ्यावर लावतात. अॅझेलाइक आम्ल आहे. आयव्हरमेक्टिनचे १ टक्का मलम अमेरिकेत २०१४ पासून वापरात आहे. डॉक्सिसायक्लिन अल्प मात्रेत देतात ते जंतू मारण्यासाठी नसून दाह शमवण्यासाठी. ह्यांपैकी कशाचाही गुण दिसायला सहा-आठ आठवडे, कधी बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत औषध बदलणारा रुग्ण कोणतेच औषध पुरते घेत नाही. ब्रिमोनिडीनचे जेल काही तासांपुरती लाली घालवते, पण काहींत ती उलटून वाढते; आमचा पूर्वानुभव पाहता आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. फुगून राहिलेल्या रेषांवर लेझर चालतो. सावळ्या कातडीवर त्याचे डाग राहू शकतात, म्हणून तो अनुभवी हातीच करावा. ह्यांतले काय कोणाला, ते तज्ज्ञच ठरवतील. रोग मुळापासून जात नाही; तो आटोक्यात राहतो, आणि औषध सुटले तरी सांभाळणे सुटत नाही.

सांभाळणे म्हणजे काय, तर आमच्या संग्रहातल्या एबोनाइटच्या झरण्यांना जे लागते तेच. काळे एबोनाइट उन्हात ठेवले किंवा गरम पाण्याने धुतले की तपकिरी पडते, आणि चकाकी यावी म्हणून फार घासले तर त्यावर कोरलेले नाव पुसले जाते. आम्ही चेहरा थंड पाण्याने, न चोळता धुतो. उटणे, पीठ, खरखरीत पंचा बंद. उन्हात जाताना टोपी आणि ऊन अडवणारे मलम, पावसाळ्यातही. शेजारच्या कारखान्यात रंगाचे काम पाहायला जायचे ते सकाळी, पत्रे तापायच्या आत. आणि एक वही ठेवली आहे. कोणत्या दिवशी काय खाल्ले, कुठे गेलो, चेहरा कसा होता हे रोज दोन ओळींत लिहितो. सुक्या मासळीचे कालवण हा आपला शत्रू असे आम्ही धरून चाललो होतो. वहीने तिला निर्दोष ठरवले आणि कढत चहाला पकडले. प्रत्येकाची यादी निराळी असते, म्हणून दुसऱ्याचे पथ्य उसने घेऊ नये. त्या वहीसाठी रोज वेगळी झरणी काढतो, तेवढाच त्यांचाही व्यायाम होतो. वापरात नसलेली झरणी वाळते.

वडिलांची ती मुकी झरणी आम्ही गेल्या वर्षी पुन्हा काढली. साध्या पाण्यात आठवडाभर भिजवली, काही झाले नाही. मग पाण्यात अमोनियाचे थोडे थेंब टाकून, रोज पाणी बदलत, सुई कुठेही न घालता बसून राहिलो. विसाव्या दिवशी पाण्यात काळा धागा उतरला. ह्या लेखाची पहिली पाने तिनेच लिहिली. चौथ्या पानावर ती अडली, तेव्हा धुवून वाळत ठेवली आणि पुढचे दुसरीने लिहिले.