टोचलेली जीभ चिघळते तेव्हा

अमेरिकेतल्या 22 वर्षांच्या एका धडधाकट तरुणीने हौसेने जीभ टोचून घेतली. दोन-तीन दिवसांत जीभ सुजली, ठणकू लागली आणि तोंडात घाण चवीचा स्राव येऊ लागला. तिने जिभेतला दागिना काढून टाकला. सूज ओसरली, स्राव थांबला, प्रकरण मिटल्यासारखे वाटले. महिनाभराने मात्र ती रुग्णालयात पोचली ती तीव्र डोकेदुखी, ताप आणि उलट्या घेऊन. तिच्या लहान मेंदूत गळू झाले होते आणि त्यातल्या पुवात तोंडात एरवी नांदणारेच जंतू सापडले. शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांमुळे ती बचावली. येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली.

इतके टोकाचे क्वचितच घडते. पण दुखायला लागले की दागिना काढायचा आणि बरे वाटले की विसरायचे, हा तिचा क्रम मात्र सर्रास दिसतो.

कान-नाक टोचणे आपल्याकडे घरोघरचे. सोनार तार ओवतो, आजी हळद-तेल लावते आणि आठ-पंधरा दिवस लेकराला कानाला हात लावू देत नाही. जीभ किंवा ओठ टोचून घेणारी मुले-मुली बऱ्याचदा हे घरात लपवतात, त्यामुळे त्रास झाला तरी सांगायची चोरी. शिवाय कानाच्या पाळीचे उपाय इथे चालत नाहीत. तोंड कायम ओले आणि उबदार. त्यात जंतूंच्या शेकडो जाती मुक्कामाला, आणि भरीला दिवसभराचे चहा-फराळ. चकलीचा एक टोकदार तुकडाही ताजी जखम पुन्हा उघडी करू शकतो.

जमेची बाजू अशी की जिभेला रक्तपुरवठा भरपूर असल्याने ती लवकर भरून येते. सर्वसाधारणपणे जिभेला चार ते सहा आठवडे लागतात, ओठाला त्याहून जास्त. पहिले तीन ते पाच दिवस सूज येणे, थोडे रक्त येणे, बोलताना-गिळताना दुखणे आणि पांढरट-पिवळसर लस येणे अपेक्षितच असते. म्हणूनच जिभेत सुरुवातीला मुद्दाम लांब दांडीचा दागिना घालतात. आखूड दांडी सुजलेल्या जिभेत रुतून बसेल.

बघायचे ते सूज कुठल्या दिशेने चालली आहे हे. पाचव्या दिवशी ती तिसऱ्या दिवसापेक्षा कमी असायला हवी. उतरणीला लागलेले दुखणे पुन्हा चढले, भोवतालची लाली पसरू लागली, दाट पिवळा-हिरवा पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, जबड्याखाली अवधाण आले किंवा अंगात कणकण भरली, तर जखम चिघळली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

तोवर दागिना जागच्या जागी राहू द्यावा. तो काढला की जिभेचे छिद्र बघता बघता बुजते, पुवाची वाट बंद होते आणि आत गळू धरू शकते. दागिना ठेवायचा की काढायचा हे डॉक्टर ठरवतील. मात्र तो रुतत चालला असेल तर थांबू नये, त्याच दिवशी त्यांना गाठावे.

घरी करायची काळजी साधी आहे. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून खाल्ल्यानंतर आणि झोपताना चूळ भरावी. जास्त मीठ टाकल्याने जखम लवकर बरी होत नाही, उलट चुरचुरते. दंतवैद्याने क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश दिले, तर ते दात घासल्यावर लगेच वापरू नये, कारण पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा असर कमी होतो. अर्धा तास जाऊ द्यावा. तेही सांगितले तितकेच दिवस घ्यावे, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात. अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाळावे. जखमेवर हळद दाबू नये. तिचे कण छिद्रात अडकून बसतात. सुजेसाठी बर्फाचा तुकडा चघळावा, पण चावू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू, झणझणीत रस्सा आणि चुंबन हे सगळे जखम भरेपर्यंत बंद. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत; प्रतिजैविक कोणते आणि किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांनीच सांगायचे.

काही लक्षणे मात्र दवाखाना उघडण्याची वाट बघण्याजोगी नसतात. जिभेखालचा भाग कडक होऊन सुजणे, जीभ वर उचलली जाणे, गिळता न आल्याने लाळ गळणे, आवाज घोगरा होणे, तोंड उघडता न येणे आणि श्वास अडकणे ही 'लुडविग्ज अँजायना'ची चिन्हे आहेत. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये या विकाराचे वर्णन केले. तो बहुधा किडलेल्या दाढेपासून सुरू होतो, पण जीभ टोचल्यानंतर तो झाल्याची नोंद 1997 मध्ये 'ब्रिटिश डेंटल जर्नल'मध्ये आली. यात श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो. अशा वेळी 108 ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे.

हृदयाच्या झडपेचा दोष असलेल्यांनी, झडपेची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर तोंडात टोचून घेण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. मधुमेह असलेल्यांनीही हीच सावधगिरी बाळगावी.

जखम बरी झाली तरी दागिन्याकडे लक्ष हवेच. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांना स्टीलच्या दागिन्यांवर प्लास्टिकच्या दागिन्यांपेक्षा जास्त जंतू आढळले. सूज पूर्ण उतरली की टोचणाऱ्याकडूनच लांब दांडी बदलून आखूड घालून घ्यावी. लांब दांडी दातांवर आपटून त्यांचे टवके उडवते आणि हिरड्या खाली सरकवते. दांडीच्या टोकाचा मणी स्वच्छ हातांनी रोज घट्ट करावा. तो सैल झाला तर गिळला जाऊ शकतो आणि श्वासनलिकेत गेला तर काढण्यासाठी दुर्बीण घालावी लागते.