जुन्या पिकअपचा पंप वाढवण्याआधी

जून उजाडतो, हापूसच्या शेवटच्या पेट्या वाशीला जातात आणि रत्नागिरीतल्या गॅरेजांपुढे पिकअप गाड्यांची रांग लागते. दहा-पंधरा वर्षांच्या डिझेल गाड्या, हौद्यात अजून पेंढा अडकलेला. तक्रार बहुतेकांची एकच. ‘गाडी चढ काढत नाही. मेस्त्री, पंपाचं डिझेल जरा वाढवून द्या.’

नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही. तेव्हा जुनीवरच पैसे घातले, तर त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो आधी कुठे घालायचे याचा. आणि पंप हे त्याचं उत्तर क्वचितच असतं.

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात डिझेलची कमाल मात्रा ठरवणारा एक स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की गाडी अंगात आल्यासारखी पळते, हे खोटं नाही. पण जादा डिझेल जाळायला जादा हवा लागते, आणि इंजिन ती आपल्या मापाबाहेर घेऊ शकत नाही. मग न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि जळलेलं पिस्टन व हेड तापवतं. शिवाय ती वाढलेली ओढ चाकापर्यंत पोचवायची कोणी? क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, मग क्राऊन-पिनियन, मग ॲक्सल. ही सगळी साखळी इंजिनाइतकीच म्हातारी झालेली असते.

माझ्या ओळखीच्या एका बागायतदारांनी एका मार्चमध्ये असाच पंप वाढवून घेतला. खरं दुखणं होतं घसरणाऱ्या क्लचचं. कशेडीचा बोगदा तेव्हा झाला नव्हता. एप्रिलमधल्या एका रात्री, भरल्या गाडीने घाट चढताना क्लचप्लेट जळाली. पाच-सहा डझनांची पेटी लाकूड-पेंढ्यासकट वीस किलोच्या आसपास भरते. अशा साठ, म्हणजे बाराशे किलो माल. दुसरी गाडी येऊन तो हलेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. ताडपत्रीखालचा आंबा कोणासाठी थांबत नाही. त्या खेपेला भाव काय मिळाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून काम चाकाकडून इंजिनाकडे करत जावं. पहिला मान ब्रेकचा. लायनर, सिलिंडर, रबरी होज आणि ब्रेक ऑइल यांवर आधी खर्च करा, कारण जो घाट चढायचा तोच उतरायचाही असतो. आपल्याकडे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरण्याची खोड आहे. ती जीवघेणी तर आहेच, शिवाय हिशेबातही चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, की पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. आणि इंजिनच बंद केलं तर व्हॅक्यूम पंप थांबतो, मग दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो.

त्यानंतर क्लच. तो घरच्या घरी तपासता येतो. सपाट रस्त्यावर, कमी वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर प्लेट घसरते आहे. क्रॉसमध्ये खेळ असेल तर गिअर पडताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो. डिफरन्शिअलचं तेल तर कित्येकांनी गाडी घेतल्यापासून बदललेलं नसतं.

टायरचंही सांगतो. दिसायला भारदस्त म्हणून मोठे टायर बसवतात. टायरचा व्यास दहा टक्के वाढला, तर प्रत्येक गिअर तितकाच ‘लांब’ होतो. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने पळत असते, आणि चढाला मात्र ओढ कमी पडते. मग दोष पंपाला! अशा वेळी मूळ मापाचे टायर परत बसवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

आता इंधनाकडे. कोकणच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून पाणी धरते आणि गंजते. टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरचं पाणी काढत जा. कडक झालेल्या रबरी नळ्या हवा ओढतात, त्या बदला. मग नोझल बेंचवर लावून पाहा: ठरलेल्या दाबाला उघडतं का, धुक्यासारखा फवारा देतं का, की थेंब गाळतं? थेंब गाळणारं नोझल पिस्टनला भोक पाडू शकतं. शेवटी पंप बेंचवर चढवून कंपनीच्या आकड्यांना मिळवून घ्या, त्यापुढे नको. एवढ्यावरच बहुतेक गाड्यांची गेलेली ओढ परत येते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात दहा भागांहून अधिक नसतं. गंधक काढताना डिझेलचं वंगणही कमी होतं, म्हणून जुने पंप लवकर झिजतील अशी भीती अनेकांना वाटते. पण त्यासाठी लागणारं वंगणद्रव्य पंपावर येण्यापूर्वीच डिझेलमध्ये मिसळलेलं असतं. वरून टू-टी ऑइल ओतायची गरज नाही. रॉकेलची भेसळ मात्र पंपाला खरोखर खाते.

टर्बो किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा विचार असेल, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. एक जादा पाटा घातला म्हणून आरसी बुकातली वजनाची मर्यादाही वाढत नाही.

हे सगळं एका पावसाळ्यात झेपलं नाही, तर ब्रेक आणि क्लच यंदा, नोझल-पंप पुढच्या वर्षी. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, मर्यादेतला माल भरून साखरप्यामार्गे आंबा घाट चढा. वर पोचल्यावर टेम्परेचरचा काटा पाहा, आरशात धूर पाहा, आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये खाली या. पायथ्याशी थांबून चाकांजवळ हात न्या. एखादंच चाक जास्त गरम लागलं, तर ते पुन्हा खोला.