कण्याआधीची दोरी

कोंबडीचं अंडं दोन दिवस उबवलं आणि कवचाला हलकेच खिडकी पाडली, की बलकावर नखाएवढाही नसलेला गर्भ दिसतो. इवलंसं हृदय धडधडत असतं. पाठीच्या बाजूला एक बारीक नळी असते. तिचाच पुढे मेंदू आणि मेरुरज्जू होतो. नळीखाली, तिला लागून, एक लवचीक दोरी असते : पृष्ठरज्जू. मणक्यांचा तेव्हा पत्ताही नसतो.

नळीतल्या पेशी सुरुवातीला सारख्याच दिसतात. पुढे मात्र पोटाकडच्या भागात स्नायू हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशी तयार होतात, तर पाठीकडच्या भागात स्पर्श-वेदनेचे निरोप पुढे नेणाऱ्या. कुणी कुठे काय व्हायचं, हे त्यांना सांगतं कोण?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस जेसेल आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भात या दोरीचा जादा तुकडा नळीच्या कडेला बसवला. १९९१ साली त्यांनी निष्कर्ष छापले : तुकड्याजवळ, भलत्याच जागी, प्रेरक चेतापेशी उगवल्या होत्या. दोरी वेळीच काढून टाकली, तर त्या भागात त्या झाल्याच नाहीत.

दोरीतून पाझरणारं प्रथिन १९९३ मध्ये हाती लागलं. फळमाशीच्या ‘हेजहॉग’ जनुकाशी त्याच्या जनुकाचं नातं. व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून त्याला ‘सॉनिक हेजहॉग’ नाव मिळालं. फोडणीचा वास चुलीपाशी नाकात शिरतो आणि ओटीवर येईस्तोवर विरत जातो, तसं हे प्रथिन दोरीपाशी दाट आणि वर जावं तसं विरळ. किती दाट, यावरून पेशी आपली जागा ओळखते. किती वेळ, हेही ती मोजते : संपर्क लांबला, की ती आणखी खालच्या भागातल्या पेशींची वाट धरते. नळीच्या माथ्याकडून बीएमपी नावाची प्रथिनं उलट दिशेने पसरतात.

शरीराचा ‘आराखडा’ जनुकांत असतो, असं आपण सहज म्हणतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. इथे पेशीचं भवितव्य शेजार ठरवतो. हे ओळखूनच २००२ साली उंदराच्या मूळ पेशींना ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल आणि हेजहॉगचा संदेश देऊन प्रयोगशाळेतल्या बशीत प्रेरक चेतापेशी घडवल्या गेल्या. स्नायू दुबळे करणाऱ्या आजारांच्या अभ्यासाला यातून मोठा आधार मिळाला.

आणि ती दोरी? मणके घडताना ती त्यांच्यात दबून नाहीशी होते. दोन मणक्यांच्या मध्ये मात्र तिच्यापासून मऊ गर बनतो. ‘गादी सरकली’ म्हणून आपण डॉक्टरांकडे जातो, त्या गादीच्या पोटातला गर तो हाच.