चौकट : पूर्ण पार्श्वसंगीत म्हणजे काय?

• चित्रपटाच्या अल्बममध्ये निवडक तुकडे असतात. पूर्ण आवृत्तीत प्रसंगांना जोडणाऱ्या लहानसहान सुरावटीही क्रमाने ऐकायला मिळतात.

• 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अद्भुतरम्य चित्रत्रयी. तिच्या पहिल्या भागाचा २००१ चा अल्बम सव्वा तासाच्या आत संपतो. २००५ मध्ये आलेली पूर्ण आवृत्ती मात्र तीन सीडींची, सुमारे तीन तासांची. २००६ आणि २००७ मध्ये पुढच्या भागांच्याही पूर्ण आवृत्त्या आल्या. एकूण सीडी १०. संगीतकार हॉवर्ड शोर.

• मराठीत 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले.

• 'तुंबाड' (२०१८) या हिंदी भयअद्भुतपटाचे दिग्दर्शक मराठी, राही अनिल बर्वे. पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किड यांचे.

• गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीपट्टी रंगभूमीवर पार्श्वसंगीत आजही समोरच जन्मते. खलनायक विंगेतून पाऊल टाकतो, तबलजी त्याच्या पायावर नजर ठेवून थाप देतो. रात्रभराच्या या संगीताची सीडी नसते. दुसऱ्या गावात ते पुन्हा नव्याने वाजते.